इंग्रजीचे बारा काळ: तक्ता पाठ, तरी वाक्य चूक

'इंग्रजीत बारा काळ असतात. बाराही सूत्रं पाठ कर, इंग्रजी आलंच म्हणून समज.' शिकवणीच्या वर्गात हे ऐकू येतं, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांत छापलेलं असतं आणि पालकही ते मुलांना ठामपणे सांगतात. मग अभ्यासाच्या टेबलासमोर तक्ता चिकटतो. आडवे तीन काळ, उभे चार प्रकार, बारा चौकटी आणि प्रत्येक चौकटीत 'कर्ता अधिक हॅव अधिक व्ही थ्री' अशा थाटाचं एकेक सूत्र. मूल तो तक्ता घडाघडा म्हणू लागतं. पण 'काल तू कुठे होतास?' एवढं कुणी इंग्रजीत विचारलं की त्याची जीभ अडते. मग शेरा मिळतो, 'याचं ग्रामर कच्चं आहे.'

मुलाचं काही कच्चं नाही, त्याला दिलेलं साधन चुकीचं आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. दहावीपर्यंत दहा वर्षं मूल या भाषेच्या सहवासात असतं आणि त्यातला केवढा तरी वेळ या बारा चौकटी खाऊन टाकतात. म्हणून हा गैरसमज मुळापासून तपासायला हवा.

इंग्रजीत काळ किती?

आपल्याकडे व्याकरण म्हटलं की रेन आणि मार्टिन यांचं पुस्तक आठवतं. ते १९३०च्या दशकात आलं. त्यातले पी. सी. रेन हे ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले गृहस्थ. त्यांच्याही कितीतरी आधीपासून इंग्रजीची शालेय व्याकरणं लॅटिनच्या साच्यावर लिहिली जात होती. लॅटिनमध्ये क्रियापदाचं रूपच काळागणिक बदलतं. इंग्रजीत तसं होत नाही, तरी साचा तोच राहिला आणि त्याच्या चौकटी भरायची सवय पडली.

भाषाशास्त्रज्ञांनी हे केव्हाच दुरुस्त केलं आहे. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच इंग्रजीत स्वतंत्र भविष्यकाळ मानायला नकार दिला होता. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९८५चं बृहद्‌व्याकरण आणि हडलस्टन व पुलम यांचं २००२चं केंब्रिज व्याकरण, हे या विषयातले दोन मोठे आधारग्रंथ. क्रियापदाच्या रूपात दिसणारे काळ इंग्रजीत दोनच, वर्तमान आणि भूत, यावर दोघांचं एकमत आहे. 'गो' आणि 'वेंट'. भविष्यासाठी क्रियापदाला वेगळं रूपच नाही.

मग बाकीचे दहा कोण? ते साहाय्यक क्रियापदं जोडून केलेल्या रचना आहेत. 'हॅव' जोडलं की आधी घडलेल्या गोष्टीचा आताशी संबंध दाखवता येतो, 'बी' आणि 'इंग' जोडलं की क्रिया चालू असल्याचं सांगता येतं, 'विल' जोडलं की अंदाज, निश्चय किंवा वचन व्यक्त करता येतं. या रचनांना सोयीसाठी काळ म्हणायला हरकत नाही, शाळेत नाव द्यावंच लागतं. हरकत पुढच्या दोन समजुतींना आहे. एक, प्रत्येक चौकट म्हणजे घड्याळातली एक वेगळी वेळ. दोन, प्रत्येक चौकटीला मराठीतला एकेक प्रत्यय कायमचा बांधलेला आहे. बोलताना मुलांच्या ज्या चुका होतात, त्यातल्या मोठ्या भागाचं मूळ इथे आहे.

रूप म्हणजे वेळ नव्हे

हे पटवायला इंग्रजीकडे जायचीही गरज नाही. आईने हाक मारली की आपण 'आलोच!' म्हणतो. रूप भूतकाळाचं, पण यायचं अजून बाकी आहे. 'उद्या मी नाशिकला जातोय' यात रूप वर्तमानाचं आणि वेळ उद्याची. 'पाऊस पडला तर सामना होणार नाही' यात 'पडला' हे भूतकाळाचं रूप न पडलेल्या पावसाबद्दल बोलतं. मराठी माणूस या तिन्ही वाक्यांत कधी गोंधळत नाही, कारण तो रूपाकडे घड्याळ म्हणून पाहत नाही.

इंग्रजीचंही असंच आहे. 'द ट्रेन लीव्ज अ‍ॅट सिक्स टुमॉरो' यात वर्तमानाचं रूप उद्याची वेळ सांगतं. 'इफ आय न्यू हिज नंबर' यात 'न्यू' भूतकाळाचं असलं तरी गोष्ट आत्ताची आहे, मला नंबर माहीत नाही एवढंच ते सांगतं. 'इट्स टाइम वी लेफ्ट' म्हणजे आता निघायला हवं, अजून कुणी निघालेलं नाही. ही वाक्यं रोजच्या बोलण्यातली आहेत. तक्त्याच्या भरवशावर बसलेल्या मुलाला मात्र ती चुकीची वाटतात.

'होतो' म्हणजे 'हॅड' नव्हे

आता मराठी मुलांच्या सर्वांत ठळक चुकीकडे येऊ. 'मी काल पुण्याला गेलो होतो' याचं इंग्रजी करा म्हटलं की वर्गातून एका सुरात उत्तर येतं, 'आय हॅड गॉन टु पुणे यस्टर्डे.' तक्ता सांगतो की 'होतो' म्हणजे 'हॅड', म्हणून मुलांनी तसं केलं. प्रामाणिकपणे सूत्र लावलं आणि चुकलं. बरोबर वाक्य साधं आहे: 'आय वेंट टु पुणे यस्टर्डे.'

असं का? मराठीत 'गेलो' आणि 'गेलो होतो' यांत सूक्ष्म फरक आहे. 'गेलो होतो' म्हटलं की जाऊन आलो, ती गोष्ट तिथेच संपली, असं आपण सुचवतो. त्यासाठी दुसरी कुठलीही घटना लागत नाही. इंग्रजीतलं 'हॅड गॉन' मात्र भूतकाळातल्याच दुसऱ्या एका क्षणावर टेकलेलं असतं. 'मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती' इथे तो क्षण आहे: पोचण्याच्या आधी सुटणं घडलं. म्हणून 'द ट्रेन हॅड लेफ्ट' बरोबर. एकटंच 'आय हॅड गॉन यस्टर्डे' ऐकलं की इंग्रजी श्रोता पुढच्या घटनेची वाट पाहतो आणि ती येतच नाही.

'आहे' आणि 'हॅव' यांचीही अशीच खोटी जोडी लावली जाते. 'मी त्याला काल पाहिलं आहे' हे मराठीत खपतं, पण 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' इंग्रजीत चूक ठरतं. 'हॅव सीन' ही रचना आतापर्यंत पोचणाऱ्या काळाबद्दल बोलते. 'काल', 'दोन दिवसांपूर्वी', '१९६० साली' असा संपलेला काळ नाव घेऊन सांगितला की साधा भूतकाळच हवा. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली, हे सांगताना 'वॉज फॉर्म्ड' म्हणायचं, 'हॅज बीन फॉर्म्ड' नाही. याच कारणाने हयात लेखकाबद्दल 'हॅज रिटन' चालतं, पण दिवंगत लेखकाच्या लेखनाची माहिती देताना साधारणपणे 'रोट' वापरतात. 'नटसम्राट' लिहिणारे कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणून 'कुसुमाग्रज रोट नटसम्राट'.

उलट दिशेनेही घोटाळा होतो. 'मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो' यात मराठी वर्तमानकाळ वापरते. शब्दाला शब्द ठेवला की 'आय लिव्ह इन पुणे सिन्स टेन इयर्स' तयार होतं. इंग्रजीला इथे मागून आतापर्यंत आलेला काळ दिसतो, म्हणून ती 'आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर टेन इयर्स' म्हणते. 'सिन्स' सुरुवातीच्या क्षणासाठी, 'फॉर' कालावधीसाठी.

यातली एकही गोष्ट तक्त्यात नाही. तक्ता रचना कशी बांधायची ते सांगतो, पण कधी बांधायची यावर गप्प राहतो. आणि बोलताना, लिहिताना प्रश्न पडतो तो 'कधी'चाच.

बारा चौकटी, पण वजन सारखं नाही

तक्त्याचा आणखी एक मोठा दोष आहे. तो बाराही चौकटींना समान जागा देतो, म्हणून मूल त्यांना समान वेळ देतं. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांचं १९९९चं लाँगमन व्याकरण प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीच्या मोठ्या संग्रहावर आधारलेलं आहे. त्यात स्पष्ट दिसतं की बोलण्यात काय, लिहिण्यात काय, बहुतांश क्रियापदं साध्या वर्तमान आणि साध्या भूतकाळात येतात. चालू आणि पूर्ण रचना त्या मानाने थोड्या आणि 'हॅव बीन गोइंग' ही जोडरचना अगदीच विरळ. आपल्याकडे मात्र आठवीतलं मूल 'शॅल हॅव बीन गोइंग' घोकत बसतं आणि 'ही गोज' म्हणताना 'एस' विसरतं. आधी कशावर मेहनत घ्यायची, याचा क्रमच उलटा झाला आहे.

क्रियापदांच्या रूपांची भीती

'इंग्रजीची क्रियापदं फार विचित्र, त्यांना नियमच नाही,' हा दुसरा मोठा समज. वस्तुस्थिती अशी की नियमित क्रियापदाला चारच रूपं असतात: वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. 'गो'ला पाच. 'पुट'ला तीन. सर्वांत जास्त 'बी'ला, तीही आठ. आता आपल्या 'जा'कडे पाहा: गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेलं, गेल्या, आणि हा फक्त भूतकाळ. शिवाय पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, केळं खाल्लं, म्हणजे कर्माप्रमाणेही रूप बदलायचं. हे सगळं शाळेत जायच्या आधी आत्मसात केलेल्या मुलाने चार रूपांना घाबरावं, असं काही कारण नाही. अनियमितपणाही आपल्याला नवा नाही. कर-केलं, जा-गेला, ये-आला, मर-मेला कुठल्याही तक्त्याशिवाय आपल्याला येतात.

इंग्रजीतली अनियमित क्रियापदं टिकली, कारण ती सतत वापरात आहेत. बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, थिंक, टेक ही रोजची क्रियापदं सगळी अनियमित. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात २००७ साली लिबरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. त्यांनी तपासलेल्या जुन्या इंग्रजीतल्या १७७ अनियमित क्रियापदांपैकी १४५ मध्ययुगीन इंग्रजीत अनियमित राहिली आणि आज ९८ उरली आहेत. वापर जितका कमी, तितकं क्रियापद लवकर नियमित झालं. अभ्यासासाठी याचा अर्थ सरळ आहे: यादीतलं वर्णक्रमाने पहिलं क्रियापद पाठ करण्यापेक्षा रोजची पन्नास आधी पक्की करा आणि ती वाक्यात वापरून पक्की करा.

आणखी काही समज, थोडक्यात

*'आय आणि वी बरोबर शॅलच हवं.'* हा नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ साली लिहिलेल्या व्याकरणातला आहे. आज 'आय विल' पूर्ण शुद्ध आहे, 'शॅल' मुख्यतः 'शॅल वी गो?' अशा प्रश्नांत उरलं आहे.

*'भूतकाळातला नकार म्हणून डिडन्ट वेंट.'* काळाची खूण एकदाच लागते. ती 'डिड'ने घेतली की मागे मूळ रूपच उरतं: 'डिडन्ट गो'.

*'भविष्याबद्दल बोलतोय म्हणून इफ इट विल रेन.'* पावसाच्या साध्या अटीत 'इफ इट रेन्स'.

*'एस लागला की अनेकवचन.'* ते नामाचं. क्रियापदाला वर्तमानकाळात 'एस' लागतो तो तृतीयपुरुषी एकवचनात.

*'नो, हॅव, थिंक यांना इंग कधीच लागत नाही.'* 'आय अ‍ॅम नोइंग' चूकच, पण 'शी इज हॅविंग लंच' आणि 'आय अ‍ॅम थिंकिंग' बरोबर, कारण तिथे स्थिती नसून कृती आहे.

*'अमेरिकन लोक चुकीचं बोलतात.'* 'डिड यू ईट येट?' आणि 'हॅव यू ईटन येट?' दोन्ही आपापल्या देशी शुद्ध आहेत.

मग सराव कसा करायचा?

सरावाची गरज नाही, असं इथे मुळीच म्हणायचं नाही. सराव भरपूर हवा, पण योग्य गोष्टीचा. 'काळ बदला' या प्रश्नात मूल अर्थाकडे न पाहता रूप फिरवतं आणि पूर्ण गुण मिळवतं. त्याऐवजी त्याला काल काय केलं यावर पाच वाक्यं सांगू द्या, सगळी साध्या भूतकाळात. मग घरातल्या एखाद्याची रोजची दिनचर्या, म्हणजे 'एस'चा सराव आपोआप होईल. त्यानंतर 'आतापर्यंत मी कोणकोणती गावं पाहिली' आणि लगेच 'त्यातलं एक कधी पाहिलं'. पहिल्याला 'हॅव सीन', दुसऱ्याला 'सॉ'. ही एक जोडी रोज बदलून बदलून बोलली की पूर्ण वर्तमानकाळाचा सगळा गुंता सुटतो. पूर्ण भूतकाळ दोन घटनांची गोष्ट सांगतानाच आणा, एकट्या वाक्यात नको.

चूक झाली की सूत्र विचारू नका. 'हे कधी घडलं? ते संपलं, की अजून चालू आहे? दुसऱ्या कशाच्या आधी घडलं का?' एवढे तीनच प्रश्न विचारा. त्यांची उत्तरं मूल मराठीत विचार करून देऊ शकतं आणि इंग्रजीचं योग्य रूप त्या उत्तरांतून निघतं. तक्ता हवाच असेल तर वहीच्या मागच्या पानावर असू द्या, रचना विसरली तर बघायला. शिकवायची असेल ती निवड, आणि ती वाक्यं बोलूनच येते.