नांगर, छिद्र आणि तरती नौका

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवस बंदराकडे निघाली. आषाढी अमावास्येचे दिवस होते, समुद्र खवळलेला होता आणि बोटीवर सातशेहून अधिक उतारू होते. प्रवास थोडक्या वेळाचा, म्हणून तो नित्याचा वाटे. काशाच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्याने बोट एका अंगावर कलली, घाबरलेले उतारू एका बाजूस लोटले गेले आणि पाहता पाहता ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. त्यामुळे मुंबईस बातमी पोहोचावयास संध्याकाळ झाली. जी माणसे वाचली, त्यांतील पुष्कळांना रेवसच्या बाजूच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले होते.

ही बोट खडकावर आपटून फुटली, अशी समजूत पुष्कळदा आढळते. परंतु बोट बुडणे आणि बोट उलटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बोट तरते ती आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार, म्हणजे तिने बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन तिच्या वजनाइतके असते म्हणून. पण ती उभी राहते ती दुसऱ्या कारणाने. बोट कलली की खाली गेलेल्या बाजूचा अधिक भाग पाण्यात बुडतो. पाण्याचा वर लोटणारा जोर त्या बाजूस सरकतो आणि बोटीस पुन्हा सरळ करतो. मात्र बोटीचा गुरुत्वमध्य फार वर नसला आणि तो मध्यावरून ढळला नाही, तरच हे घडते. वरच्या मजल्यावर दाटलेली माणसे गुरुत्वमध्य उंच नेतात. तीच माणसे कललेल्या बाजूस धावली, की सरळ करणाऱ्या जोराचे काही चालत नाही. अशा वेळी बोटीस एकही छिद्र पडावे लागत नाही.

बोटीत शिरलेले पाणी नेमके गर्दीसारखेच वागते. विद्यार्थ्यांनी एका परातीत दोन बोटे पाणी घेऊन ती दोन्ही हातांनी धरून चालून पाहावे. परात किंचित कलली की सारे पाणी त्या बाजूस धावते व परात अधिकच कलते. थोडेसे पाणी तळास मोकळे हिंदकळू लागले, तर ते त्याच वजनाच्या स्थिर मालापेक्षा कितीतरी घातक ठरते. परातीच्या मध्यातून उभा पडदा घातला, तर हा दोष निम्म्यावर नव्हे, चौथाईवर येतो. जहाजाच्या पोटात पाणी न झिरपणारे कप्पे करतात, त्यामागे छिद्राचे पाणी एकाच कप्प्यात अडावे हा हेतू तर असतोच, पण हेही एक कारण आहे. मात्र पडदे पुरेसे उंच हवेत. १९१२ साली ‘टायटॅनिक’ जहाजाचे पुढील कप्पे भरून नाळ खाली गेली, तेव्हा पाणी पडद्यांच्या माथ्यावरून मागील कप्प्यांत ओसंडत गेले.

छिद्र लहान असले तरी त्यातून किती पाणी येते, याची कल्पना सहसा नसते. पाण्याच्या पातळीखाली एक मीटरवर, दहा सेंटीमीटर व्यासाचे, म्हणजे तांब्याच्या तोंडाएवढे छिद्र पडले, तर दर सेकंदास सुमारे वीस लिटर पाणी आत येते. एवढे पाणी बादलीने उपसणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. उलट छिद्राचा व्यास निम्मा करता आला, तर पाणी चौथाईवर येते. म्हणून प्रथम उपसण्यास न लागता छिद्र बुजवावे: गादी, उशी, गोणपाट, लाकडाची पाचर, जे हाती लागेल ते कोंबून आतून टेका द्यावा. छिद्र अगदी पूर्ण बुजले नाही तरी हरकत नाही. शक्य असेल तर जड वस्तू विरुद्ध बाजूस हलवाव्या, म्हणजे फुटका भाग पाण्याबाहेर येईल. त्याहून जुनी युक्ती म्हणजे बाहेरून शीड गुंडाळणे. १७७० साली कप्तान कुकचे ‘एन्डेव्हर’ जहाज ऑस्ट्रेलियाजवळच्या प्रवाळखडकावर फुटले, तेव्हा लोकर व ताग थापलेले शीड तळाखालून ओढून घेतले गेले. जे पाणी आत घुसू पाहते, त्याच्याच दाबाने शीड छिद्रावर घट्ट बसते.

वादळात बोट फुटते ती बहुधा तिचा नांगर सुटल्यानंतर. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ हे याचे दारुण उदाहरण होय. अशा वादळांस नावे देण्याचे व त्यांचा मार्ग वर्तविण्याचे काम दिल्लीच्या लोधी मार्गावरील मौसम भवनातून चालते, आणि या वादळाच्या सूचना तेथून काही दिवस आधीच निघालेल्या होत्या. तरीही मुंबईच्या पश्चिमेकडील तेलक्षेत्रांत कामगारांच्या निवासाचे तराफे समुद्रातच राहिले. १७ मे रोजी ‘पी-३०५’ या तराफ्याचे नांगर सुटले. तो वाहत जाऊन एका तेलविहिरीच्या फलाटावर आदळला, तळास भगदाड पडले आणि काही तासांत तो बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी नौदलादी पथकांना १८६ जणांना वाचविता आले.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ३० किलोमीटर वाऱ्यात ज्या साखळीने बोट आरामात धरली, तिच्यावर १२० किलोमीटर वाऱ्यात सोळापट ताण येतो. लाटांचे हिसके निराळेच. नांगर तळास रुततो तो ओढ आडवी असेतोवरच. ओढ उभी झाली की तो उपटून निघतो. ओढ आडवी ठेवण्याचे काम साखळीची लांबी व तिचे वजन करते. तळावर लोळणारी जड साखळी हिसका स्वतः सोसते व नांगरास शांत ठेवते. म्हणून पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट, आणि वादळात सात-आठपट साखळी सोडावी असा संकेत आहे.

परंतु खोली कोणती धरावयाची? मुंबई किनाऱ्यावर ओहोटीस चार मीटर पाणी असेल, तर उधाणाच्या भरतीस तेथेच आठ मीटर होते. त्यात नाळेची उंची एक मीटर मिळवली की नऊ झाले. ओहोटीस पाचपट म्हणून वीस मीटर साखळी सोडून जो निश्चिंत झोपला, त्याची साखळी भरतीस दुपटीहून थोडीच अधिक उरते. चक्रीवादळाने समुद्र फुगतो तो याहून वेगळा. शिवाय दोर तुटतो तो बहुधा मधोमध नव्हे, तर बोटीच्या काठावर घासून. तेथे चामडे किंवा जाड गोणपाट गुंडाळणे हे अगदी क्षुल्लक दिसणारे काम आहे. बंदरावर धोक्याचा बावटा चढला की हे सारे उरकून माणसांनी किनाऱ्यावर यावे. नौकेसाठी मागे राहू नये.

गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या उतारूंस कॅटमरान हा शब्द आता घरचा झाला आहे. तो मूळचा तमिळ: ‘कट्टुमरम्’, म्हणजे बांधलेली लाकडे. ओंडक्यांच्या त्या तराफ्यात पोकळीच नसल्यामुळे पाणी भरावयास जागा नसते. हल्लीची कॅटमरान म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या दोन पोकळ होड्या. कोकणातील उलांडीच्या होडीप्रमाणे तिचा भार रुंदीवर पसरतो, म्हणून ती सहसा कलत नाही. पण हीच तिची अडचण आहे. तळाशी जड कणा असलेली शिडाची नौका आडवी झाली तरी पुन्हा उठू शकते. शिडाची कॅटमरान एकदा पालथी झाली, की पालथी असतानाही तितकीच स्थिर असते. दोहोंपैकी एक होडी फुटली तर सारा भार त्याच अंगास जातो, म्हणून प्रत्येक होडीत निराळे बंद कप्पे हवेत. असे हवेचे कप्पे किंवा हलका फेसाळ पदार्थ भरलेला असेल, तर पालथी नौकाही दीर्घकाळ तरंगते. तेव्हा किनारा जवळ भासला तरी तिला सोडून पोहत निघू नये. लाटांत माणसाचे डोके शोधणाऱ्यास दिसत नाही, पालथा तळ लांबून दिसतो. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडू लागली, तेव्हा जवळच गस्तीवर असलेल्या पोलिसांची नौका तिच्यापाशी पोहोचली आणि ८८ जणांना तिने सुखरूप काठावर आणले.