पारितोषिकांचा ओसरलेला उत्साह

अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिकांचा सोहळा १९९८ साली तेथील सुमारे साडेपाच कोटी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. २०२१ साली प्रेक्षक जेमतेम एक कोटी उरले. ही हौस का ओसरावी? इतर संस्था त्याच मानकऱ्यांस आधी गौरवून मोकळ्या होतात, मग उत्सुकता कसली, असे कोणी म्हणेल. परंतु १९२९ सालच्या पहिल्या समारंभात तर नावे तीन महिने अगोदरच जाहीर झाली होती! खरे कारण निराळे दिसते. १९९८ साली गौरविलेला ‘टायटॅनिक’ लोकांनी चित्रपटगृहांत डोळे भरून पाहिला होता. त्याच्या मानाचा आनंद त्यांचा स्वतःचा होता. २०२१ साली साथीमुळे चित्रपटगृहेच ओस पडली होती. तेव्हा सोहळा नीरस वाटल्यास घरच्या मंडळींनी तो खुशाल बंद करावा. एखादा उत्तम चित्रपट मात्र एकत्र बसून अवश्य पाहावा.