कान्हाचा बाराशिंगा : जमा आणि नावे

नाताळच्या सुटीत मी वारासिवनीला मावशीकडे गेलो होतो. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे हे तालुक्याचे गाव. 1956 पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती; बाजारात मराठी अजून कानावर पडते. तेथून बालाघाट, बैहर असा प्रवास करीत आम्ही मैकल पर्वताच्या कुशीतील कान्हा राष्ट्रीय उद्यानाच्या मुक्की फाटकाशी पोहोचलो. वारासिवनीकडचे पाणी वैनगंगेतून गोदावरीला जाते. कान्हाचे पाणी बंजर नदीतून नर्मदेला मिळते.

येथे येणारा प्रत्येकजण वाघ पाहायला येतो. आम्हाला वाघ दिसला नाही. दिसला तो बाराशिंगा. शिंगांत गवताचे झुपके अडकवून, मान वर करून ओरडणारा नर. थंडीत त्यांचा माजाचा काळ असतो आणि हा शृंगार माद्यांसाठी असतो, असे गाइडने सांगितले.

तराईतील आणि आसामातील बाराशिंगे दलदलीत राहतात. चिखलात रुतू नये म्हणून त्यांचे खूर फाकलेले असतात. कान्हाचा बाराशिंगा मात्र कठीण जमिनीवर राहतो, म्हणून त्याचे खूर घट्ट जुळलेले. ही पोटजात साऱ्या जगात केवळ कान्हात उरली होती आणि 1970 च्या गणतीत तिची संख्या भरली फक्त 66!

असे का झाले? बाराशिंगा जवळजवळ संपूर्णपणे गवतावर जगतो. मादी आपले पाडस उंच गवतात लपवते. गुरांची चराई आणि गवत जाळण्याची पद्धत यांमुळे चाराही गेला आणि आडोसाही. शिकारीने उरलेसुरले नेले. उपाय दोन झाले. कुंपण घालून काही हरणे वाघापासून सुरक्षित ठेवली आणि उद्यानातील गावे हलवून त्यांच्या शेतांवर गवत वाढू दिले. 1973 साली बंडीपूर व मेळघाट यांच्याबरोबर कान्हाही व्याघ्र प्रकल्पात आले. आज बाराशिंगे कित्येक शेकड्यांत आहेत. 2015 पासून काही सातपुड्यातही नेऊन सोडले आहेत.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ही झाली खात्याची जमा बाजू. नावे बाजू मला मैदानाच्या कडेला दिसली. गाइडने आंब्याची जुनी झाडे दाखवून म्हटले, "भैया, जंगलात अशी ओळीने झाडे कोण लावतो? इथे आमच्या आज्याचे घर होते." तो बैगा होता. ज्या गवतावर आम्ही कॅमेरे रोखले होते, ते एका गावचे शेत होते. बोलताना त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच मला काही उत्तर सुचेना.

हा प्रश्न आपल्याच देशाचा नाही. इथिओपियातील सिमियेन हे असेच डोंगरी राष्ट्रीय उद्यान. जगात अन्यत्र नसलेली वालिया रानशेळी तेथे आहे. 1978 साली जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत त्याला स्थान मिळाले, 1996 साली ते धोक्यातील स्थळांत गेले. 2016 साली तेथील गिच गावची वस्ती बाहेर हलवण्यात आली आणि 2017 साली उद्यान त्या यादीतून बाहेर आले. तेथेही कोणाची तरी आंब्यासारखी खूण मागे राहिली असेलच.

गावे हलवायलाच नको होती, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर 66 चा आकडा डोळ्यांपुढे येतो. पण द्विनोंदी पद्धतीचा पहिला नियम आपण सर्वांनी पाठ केला आहे: प्रत्येक जमेला कोठेतरी नावे नोंद असतेच. बाराशिंग्याच्या खात्यात ती बैगांच्या नावे आहे. उद्यानाच्या तिकिटाचे पैसे मी दिले. त्या गवताची किंमत मात्र माझ्या आधीच दुसऱ्या कोणीतरी भरली होती. पुढच्या सुटीत आपणांपैकी कोणी कान्हाला गेलात, तर वाघ दिसो वा न दिसो, मैदानाच्या कडेची ती आंब्याची झाडे अवश्य पाहा.