गल्लीच्या वतीने सही कोण करणार?

मुंबईच्या उपनगरांतील जुन्या निवासी गल्लीत, मग ती विलेपार्ले पूर्वेची असो, मुलुंडची असो वा गोरेगावची, राहणाऱ्या माणसाचे घर दरवाजाच्या उंबरठ्यावर संपत नाही. कुंपणाची भिंत, भिंतीवरून रस्त्यावर झुकलेला आंबा, कोपऱ्यावरचा वाणी आणि संध्याकाळी रस्त्यातच मांडला जाणारा मुलांचा क्रिकेटचा डाव हा सारा त्या घराचाच विस्तार असतो. या गल्ल्यांची शांतता आणि आपुलकी यांचे श्रेय सहसा रहिवाशांच्या स्वभावाला दिले जाते. त्यात तथ्य असले तरी ते पुरे सत्य नव्हे. त्या शांततेचा मोठा वाटा रस्त्याची रुंदी आणि त्यावर राहणाऱ्या माणसांची संख्या यांच्या प्रमाणात दडलेला आहे.

हे प्रमाण योगायोगाने जमून आलेले नाही. 1896 च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या मुंबईबाहेर मोकळ्या हवेत वस्ती व्हावी, हा विचार बळावला. 1915 च्या नगररचना कायद्याने शेतजमिनींचे तुकडे एकत्र करून भूखंड व रस्ते आखण्याची सोय केली. 1928 मध्ये पश्चिम उपनगरांच्या मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि फोर्टातील कचेरीत नोकरी करून पार्ल्यात बिऱ्हाड थाटणे सुकर झाले. पार्ले टिळक विद्यालय (1921) आणि लोकमान्य सेवा संघ (1923) या संस्थांनी तेथील वस्तीला सामाजिक जीवनही दिले. पुढे 1960 च्या सहकारी संस्था कायद्यानंतर बैठ्या बंगल्यांच्या जागी तीन-चार मजली सोसायट्या उभ्या राहू लागल्या.

त्या इमारती तीन-चार मजलीच का, याचे उत्तर चटई क्षेत्र निर्देशांकात आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे हा आकडा ठरवतो. 1991 च्या नियमावलीत उपनगरांसाठी तो मुळात 1 होता. भूखंडाच्या एक तृतीयांश भागावर इमारत उभी राहिली, तर साधारण तीन मजल्यांत तो संपतो. उरलेल्या दोन तृतीयांश जागेत माती, नारळाची झाडे आणि वाळवणे. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून भाजीवाल्याला हाक ऐकू जाते, दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडता येते. शाळेतून परतणाऱ्या मुलावर दहा घरांची नजर असते. तिचा जाच तरुणांना होतो हे खरे. पण एकट्या राहणाऱ्या वृद्धेचे दार सकाळी उघडले नाही, तर तेही याच नजरेला प्रथम दिसते.

या चित्राची दुसरी बाजूही आहे. त्या इमारती आता पन्नाशीच्या आसपास आल्या आहेत. गच्ची गळते, सळ्या गंजतात, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी लिफ्टविना तिसरा मजला म्हणजे कैदच. पुनर्विकास ही हौस नसून अनेकांची निकड आहे. पार्ल्यात तर विमानतळाच्या सान्निध्यामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा असल्याने कित्येक सोसायट्या वर्षानुवर्षे ताटकळत राहिल्या.

मात्र पुनर्विकासात घरे वाढतात, गल्ली वाढत नाही. 2018 मध्ये लागू झालेल्या नियमावलीने अधिकचा निर्देशांक रस्त्याच्या रुंदीशी जोडला. उपनगरांत 9 मीटर वा त्याहून रुंद रस्त्यावर, अधिमूल्य भरून व हस्तांतरणीय विकास हक्क वापरून, तो रुंदीनुसार 2 ते 2.5 पर्यंत जातो. त्यावर 35 टक्के पूरक क्षेत्रही मिळू शकते. समजा, अशा गल्लीत वीस इमारती आणि प्रत्येकीत बारा बिऱ्हाडे आहेत. ही 240 कुटुंबे दुप्पट झाली, तर 480 होतात आणि त्यांच्या मोटारीही येतात. 9 मीटर रुंद रस्त्याच्या दोन्ही कडांना त्या उभ्या राहिल्या, तर मध्ये जेमतेम 5 मीटर उरतात. त्यातूनच रुग्णवाहिका, शाळेची बस आणि अग्निशमन बंब जायचा असतो.

पावसाचेही तसेच. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा तो कोणत्याही मातीला पेलणारा नव्हता. परंतु नेहमीच्या पावसाचे पाणी इमारतीभोवतीच्या मोकळ्या मातीत बऱ्यापैकी मुरते. त्याच जागेवर मोटारींसाठी फरशी पडली, की तेच पाणी गल्लीत येते.

पुनर्विकासासाठी राज्य सरकारने 2009 मध्ये आणि पुढे 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सभा कशी घ्यावी, सल्लागार व विकासक कसा निवडावा, हे त्यांत आहे. सोसायटी वाढीव चटई क्षेत्र, पर्यायी घराचे भाडे आणि कॉर्पस निधी यांवर घासाघीस करते. विकासक नफ्याचा हिशेब मांडतो, महापालिका अधिमूल्य घेते. या व्यवहारात प्रत्येकाची बाजू मांडणारा कोणीतरी असतो. गल्लीच्या वतीने सही करणारा मात्र कोणीच नसतो.

ही उणीव थोडीफार भरून काढणे रहिवाशांच्या हाती आहे. मोठी झाडे वाचतील असा आराखडा मागणे, थोडी माती उघडी ठेवणे, पाहुण्यांच्या वाहनांची सोय आवारातच करणे, उंच भिंतीऐवजी आरपार दिसणारे कुंपण आणि फाटकापाशी बसायला एक कट्टा या अटी करारात घालता येतात. एकाच गल्लीतील सोसायट्यांनी आपसांत बोलून बांधकामाचे वेळापत्रक मागेपुढे ठेवले, तर एकाच वेळी दहा ठिकाणची धूळ आणि डंपर सोसावे लागणार नाहीत.

नव्या घराचा ताबा मिळतो तेव्हा हातात किल्ली येते आणि क्षेत्रफळाचा आकडा कागदावर पडताळून पाहता येतो. गल्लीचे तसे मोजमाप नसते. खाली उतरल्यावर चालायला, थांबायला आणि ओळखीच्या माणसाशी दोन शब्द बोलायला जागा उरली आहे की नाही, एवढीच तिची कसोटी. आणि ती करारावर सही होण्यापूर्वीच लावायला हवी.