भाकिताने दिलेलं राज्य

इ.स. 8 मध्ये चांगआन शहरात आय झांग नावाच्या एका विद्यार्थ्याने तांब्याची पेटी हान घराण्याच्या मूळपुरुषाच्या मंदिरात नेऊन दिली. स्वर्गाची आज्ञा आता राजप्रतिनिधी वांग मांगच्या बाजूने आहे, त्याने सम्राट व्हावं, असं तिच्यातल्या लेखांत होतं. जोडीला अकरा मंत्र्यांची यादी. त्यातले आठ जण दरबारातलेच होते आणि एक नाव आय झांगने स्वतःचं घुसवलं होतं. उरलेली दोन, वांग शिंग आणि वांग शेंग, केवळ शुभसूचक म्हणून रचलेली. वांग मांग गादीवर बसला आणि त्याने त्या नावांची माणसं शोधायला लावली. दहाबारा जण सापडले. त्यांची मुखलक्षणं पाहून दोघे निवडले गेले : एक वेशीवरचा कारकून, दुसरा रोट्या विकणारा. दोघेही रातोरात मोठ्या पदांवर चढले.

पेटी बनावट होती, पण तिच्यामागची श्रद्धा खरी होती. इ.स.पू. अकराव्या शतकात शांग घराण्याला उलथवताना झौ राजांनी सांगितलं होतं, की स्वर्ग राज्य देतो आणि राजा नालायक ठरला की काढूनही घेतो. मग स्वर्गाचं मन बदललं हे ओळखायचं कशावरून? भूकंप, ग्रहणं, पूर, नदीत सापडलेले दगड, पोरांच्या तोंडची गाणी, सगळ्यांतून लोक कौल वाचू लागले. हान काळात अशा भाकितांचे ग्रंथच तयार झाले आणि त्यांना धर्मग्रंथांच्या शेजारी मान मिळाला.

वांग मांगनंतर हान सत्ता पुन्हा उभी करणारा ल्यू श्यू इ.स. 25 मध्ये सम्राट झाला, तोही आपलं नाव असलेल्या भाकिताचा आधार घेऊनच. पुढे वेधशाळा कुठे बांधावी हेही तो त्या ग्रंथांना विचारू लागला. ह्वान तान या वृद्ध पंडिताने, मी ते ग्रंथ वाचत नाही, असं भर दरबारात सांगितलं आणि ते अस्सल धर्मग्रंथ का नव्हेत याची कारणंही मांडली. सम्राटाने त्याचा शिरच्छेद फर्मावला. जमिनीवर कपाळ आपटून रक्त आलं तेव्हा कुठे त्याला माफी मिळाली. दूरच्या प्रांतात बदली झाली आणि वाटेतच सत्तरी ओलांडलेला हा माणूस वारला. चीनच्या इतिहासातल्या अनेक सेनापतींपेक्षा मला तो जास्त धीराचा वाटतो.

ज्या शिडीने आपण चढलो तीच दुसरा लावील, ही धास्ती प्रत्येक घराण्याला होती. सुई घराण्याच्या सम्राट यांगने भाकितांचे ग्रंथ शोधून जाळले. नंतरच्या थांग घराण्याच्या कायद्याने ते घरी ठेवणाऱ्याला दोन वर्षांची सक्तमजुरी लावली. बंदीमुळे भाकीत मेलं नाही, ते गावोगावच्या पंथांत शिरलं. भारतातून गेलेला मैत्रेय बुद्ध मूळ कल्पनेत फार दूरच्या काळात यायचा होता. उपाशी शेतकऱ्यांच्या चीनमध्ये तो आजउद्याच येणार होता.

1344 मध्ये पीत नदीने बांध फोडले. दुष्काळ आणि साथ पसरली. 1351 मध्ये मंगोल युआन सरकारने नदीला वळवण्यासाठी सुमारे दीड लाख मजूर वेठीला धरले. एका डोळ्याचा दगडी माणूस सापडला की देश पेटेल, असं गाणं तेव्हा पसरलं होतं, आणि खणताना तो खरंच सापडला. तो आधी कुणी पुरला हे सांगायला नकोच. हान शानतोंग आणि ल्यू फूतोंग यांचे मैत्रेयपंथी लोक याच क्षणाची वाट पाहत होते. हान शानतोंग लगेच पकडला जाऊन मारला गेला, पण डोक्याला लाल फडकी बांधणाऱ्यांची बंडं थांबली नाहीत.

1344 च्या त्याच वर्षी आईबाप गमावून एका मठात आश्रयाला गेलेला जू युआनझांग या बंडखोरांत सामील झाला. 1368 मध्ये तो मिंग घराण्याचा पहिला सम्राट झाला. त्याच्या कायदेसंहितेत मैत्रेयाच्या आणि ‘श्वेतकमळ’ नावाच्या पंथांवर नावानिशी बंदी होती : म्होरक्याला गळफास, अनुयायांना शंभर फटके आणि तीन हजार ली (चिनी मैल) दूर हद्दपारी.