बारा मिलिमीटरचे बूड

शिकारी रायफलीची नळी सगळ्यात आधी झिजते. बोल्ट, रिसीव्हर, दस्ता पुढे कित्येक वर्षे शाबूत असतात. प्रत्येक बाराला दारूचा जळता वायू काडतुसाच्या तोंडापुढचे पोलाद कणाकणाने खातो, तिथल्या चक्राकार खाचांच्या कडा बोथट होतात, बारीक भेगा पडतात आणि एका जागी पडणाऱ्या गोळ्या विखरू लागतात. जुन्या लष्करी काडतुसांनी आणखी घात केला. त्यांच्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटमुळे बारानंतर नळीत क्षार उरत, ते हवेतली ओल शोषून घेत आणि वेळीच साफसफाई झाली नाही तर आत गंज चढे. अशी नळी बंदूककार आट्यांवरून उकलून काढतो आणि नवी बसवतो. नवी नळी बसवायचीच, तर जुन्याच बोअरची कशाला, हा प्रश्न मग आपोआप येतो.

त्याचे उत्तर शिकाऱ्याच्या आवडीनिवडीपेक्षा त्या जुन्या बोल्टच्या तोंडावर अधिक अवलंबून असते. जर्मनीच्या माऊझर कारखान्याची १८९८ची रायफल घ्या. बोल्टच्या टोकाला एक उथळ गोल खळगी असते, त्यात काडतुसाचे बूड टेकते. बाजूने येणारी लांब पोलादी नखी बुडाची कड पकडते आणि बार झाल्यावर पुंगळी बाहेर खेचते. ही खळगी ज्या बुडासाठी कोरली, ते जर्मन लष्कराच्या १८८८च्या काडतुसाचे बूड होते. त्याचा व्यास जेमतेम १२ मिलिमीटर. आज कुठलेही नवे काडतूस निवडताना पहिली अट हीच, की त्याचे बूड या खळगीत बसले पाहिजे.

ही अट जाचक वाटते खरी, पण प्रत्यक्षात तिच्यामुळे केवढे मोठे कुटुंब हाती लागते ते पाहण्यासारखे आहे. माऊझरने त्याच बुडावर ७×५७ काढले. अमेरिकेने आपली १९०३ची स्प्रिंगफील्ड रायफल माऊझरच्या धर्तीवर बनवली आणि त्यापोटी माऊझर कंपनीला २ लाख डॉलर स्वामित्वशुल्क मोजले. त्या रायफलीचे १९०६चे काडतूस म्हणजे प्रसिद्ध .३०-०६. त्याचेही बूड १२ मिलिमीटरचेच. मग .३०-०६ची मान आवळून १९२५मध्ये .२७० विंचेस्टर आले, पुंगळी आखूड होऊन १९५२मध्ये .३०८ आले, .३०८ची मान आवळून १९५५मध्ये .२४३ आले. बर्लिनच्या ओटो बोक या बंदूककाराने १९०५मध्ये ९.३×६२ तयार केले, ते आफ्रिकेतल्या जर्मन मळेवाल्यांसाठी. त्यांना रानरेड्यासारख्या जनावरांपुढे टिकेल असे काडतूस हवे होते आणि ते साध्या माऊझरमध्ये बसणारे, म्हणून परवडणारेही हवे होते. ५.७ मिलिमीटरच्या .२२-२५०पासून या ९.३ मिलिमीटरपर्यंत, कोल्ह्यापासून रानरेड्यापर्यंतची ही सारी काडतुसे एकाच बोल्टच्या तोंडात बसतात. यंत्रांच्या इतिहासात एका मापाने इतका काळ इतक्या जणांना बांधून ठेवल्याची उदाहरणे फार नाहीत. २००७मध्ये आलेल्या ६.५ क्रीडमूरलाही तेच बूड आहे.

कुटुंबाबाहेर पाऊल टाकले की खर्च आणि जोखीम दोन्ही वाढतात. .३०० विंचेस्टर मॅग्नमचे बूड साडेतेरा मिलिमीटरचे. त्यासाठी बोल्टची खळगी रुंद करावी लागते, नखी बदलावी लागते, म्हणजे जिथे ताण येतो नेमके तिथलेच पोलाद खरवडायचे. .२२३चे बूड साडेनऊ मिलिमीटरचे, ते या खळगीत खुळखुळेल आणि नखीला सापडणार नाही.

बूड जुळले म्हणजे काम झाले असेही नाही. दाब पाहावा लागतो. बंदुकांच्या तपासणीसाठी १९१४मध्ये स्थापन झालेल्या सीआयपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने प्रत्येक काडतुसाला कमाल दाब ठरवून दिला आहे. स्वीडनच्या ६.५×५५ला ३८० मेगापास्कल, माऊझरच्या ८×५७ला ३९०, .२७०ला ४३०, ६.५ क्रीडमूरला ४३५. आकडे जवळजवळचे दिसतात, पण १८९३ ते १८९६ या काळातल्या माऊझरमध्ये बोल्ट अडवणारे दोनच खिळे होते. मागचा तिसरा, संकटकाळचा खिळा १८९८च्या नमुन्यात आला. पुंगळी फुटलीच तर वायू नेमबाजाच्या डोळ्यांकडे न जाता बाजूला निघून जावा, अशी सुधारलेली सोयही त्याच नमुन्यातली. माझे स्पष्ट मत आहे, की १८९८पूर्वीच्या रायफलीत नव्या, जास्त दाबाच्या काडतुसाचा मोह कोणी धरू नये, मग बूड कितीही चपखल बसो.

यानंतर येतो नळीच्या आतल्या खाचांचा पीळ, आणि मला या विषयातला सर्वात सुंदर भाग हाच वाटतो. गोळी स्वतःभोवती पुरेशी गरगरली नाही तर हवेत कलंडते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. इंग्लंडमध्ये वूलिचला शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९मध्ये त्यासाठी एक सोपे सूत्र दिले: गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. ६.५ मिलिमीटर बोअरच्या गोळीचा खरा व्यास ६.७ मिलिमीटर असतो. त्याचा वर्ग सुमारे ४५. गोळी ३२ मिलिमीटर लांब धरली तर उत्तर येते २१०, म्हणजे साधारण दर २१० मिलिमीटरला गोळीचा एक फेरा पूर्ण झाला पाहिजे. स्वीडनच्या जुन्या ६.५×५५ माऊझरमध्ये हा पीळ २०० मिलिमीटरचा आहे. त्या नळ्या लांब, जड, बोथट नाकाच्या गोळ्यांसाठीच होत्या. .३०-०६च्या नळीत एक फेरा साधारण २५४ मिलिमीटरला पूर्ण होतो. म्हणून नवी नळी मागवताना नुसते बोअरचे नाव सांगून भागत नाही. कोणत्या वजनाची गोळी वापरणार, हे आधी ठरवावे लागते आणि पीळ त्यावरून ठरतो.

शिकार कशाची, हा प्रश्न युरोपात कायद्यानेच घालून दिला आहे. जर्मनीत रो हरणासाठी १०० मीटरवर किमान १,००० जूल ऊर्जा लागते. त्याहून मोठ्या खुरवाल्या जनावराला किमान ६.५ मिलिमीटरची गोळी आणि १०० मीटरवर २,००० जूल. म्हणजे ६.२ मिलिमीटरची .२४३ रानडुकरासाठी बाद. स्वीडनमध्ये एल्क म्हणजे मूस या प्रचंड हरणासाठी नऊ ग्रॅमची गोळी असेल तर १०० मीटरवर २,७०० जूल हवेत, पण गोळी दहा ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर २,००० पुरतात. ६.५×५५ची जड गोळी या दुसऱ्या अटीत बसते, म्हणून सव्वाशे वर्षांहून जुने ते काडतूस तिथे अजून कामावर आहे. याला दुसरी बाजू खांद्याची. सारख्याच वजनाच्या रायफलीत .२४३चा धक्का .३०-०६च्या जवळपास निम्मा असतो. धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटणाऱ्याची गोळी जनावराला जखमी करून सोडते. त्यापेक्षा कायद्यात बसणारे सौम्य काडतूस घेणे हा जनावरावरचाही उपकार आहे.

आपल्याकडे बोअर ठरवण्यात सरकारचा हात पूर्वीपासून राहिला आहे. १९०७मध्ये ब्रिटिशांनी .४५० बोअरची काडतुसे हिंदुस्थानात आणि सुदानात आणायला बंदी घातली. जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींच्या गोळ्या बंडखोरांना मिळू नयेत, हा हेतू. मग इंग्लंडच्या बंदूककारांनी घाईने .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी नवी बोअरे काढली. त्याच वर्षी चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना रिग्बीची .२७५ भेट मिळाली. हे .२७५ म्हणजे दुसरेतिसरे काही नसून माऊझरचे ७×५७ होय, फक्त नाव इंग्रजी वळणाचे. .३०३ही लष्कराची, म्हणून खासगी परवान्यावर .३१५ आले. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची .३१५ रायफल लष्करी ली-एनफील्डच्या ठेवणीवर बेतलेली, पण काडतूस मात्र ऑस्ट्रियाच्या ८×५० मॅनलिखरचे. .३०३च्या आणि या पुंगळीच्या बुडाच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. आजच्या शस्त्र नियमांतही .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस चालवू शकणारी रायफल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. त्यामुळे .३०-०६ परवान्यावर मिळू शकते, तिचेच आखूड भावंड .३०८ मिळत नाही. शिकार तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदच केली आहे, आणि ते योग्यच झाले.

नळी बसवण्याचे प्रत्यक्ष काम तसूतसूचे आहे. बोल्ट बंद केल्यावर त्याचे तोंड आणि काडतुसाचा खांदा टेकण्याची जागा यांतले अंतर अचूक जुळवावे लागते. त्यासाठी दोन पोलादी मापे असतात. एकावर बोल्ट सहज बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर मुळीच होता कामा नये. दोन मापांतला फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. अंतर जास्त राहिले तर बाराच्या वेळी पुंगळी ताणली जाऊन बुडाजवळ फाटते.

नंतर रायफल पुन्हा तपासणीला जाते. बर्मिंगहॅमचे तपासणीगृह १८१३पासून हेच काम करते. कमाल दाबापेक्षा पंचवीस टक्के जास्त दाबाची काडतुसे झाडून नळी आणि बोल्ट पारखतात, आणि टिकले तरच ठसा उमटवतात. जुन्या नळीबरोबर जुन्या ठशांचा आधार संपतो. नव्या नळीवर नवे बोअर ठळक कोरलेच पाहिजे, कारण सारख्या बुडाच्या काडतुसांचा हा धोका कायमचा आहे: चुकीचे काडतूसही त्याच बोल्टला चिकटते. .२८० रेमिंग्टन १९५७मध्ये आणताना तिच्या पुंगळीचा खांदा मुद्दाम सव्वा मिलिमीटरने पुढे सरकवला, तो .२७०च्या नळीत ती आत जाऊच नये म्हणून. सगळ्या जोड्यांना असे संरक्षण नाही. .३०-०६च्या नळीत .३०८ चुकून शिरते, म्हणून नवी नळी आली की घरातली जुन्या बोअरची काडतुसे त्याच दिवशी वेगळी काढून द्यावी लागतात.