दार ओढून घेतलं, ती रात्र

आमची थोरली दीड महिन्याची असताना दिवेलागणीला सूर लावायची, तो रात्री अकरापर्यंत. दूध झालं, ढेकर काढला, लंगोट बदलला, पोटाला हिंग लावला, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, रडं थांबेना. मी लहान मुलांच्या वॉर्डातली सिस्टर, तरी हतबल.

एका रात्री सासूबाई कीर्तनाला गेलेल्या. मी ड्यूटीवरून आलेली, अंगात त्राण नाही. तिला दोन्ही दंडांना धरून समोर उचललं आणि ओरडले, "गप बस!" हात शिवशिवले. तेवढ्यात तिची मान मागं कलली आणि मी भानावर आले. तिला पाळण्यात उताणी ठेवली, दार ओढून घेतलं, मागच्या पायरीवर जाऊन बसले. सासूबाई आल्या त्या कडाडल्याच, "तान्ह्या लेकराला एकटं टाकलंस?" टाकलं. त्या दिवशी मी केलेलं तेच एक शहाणपणाचं काम.

तान्ह्या बाळाच्या लांबीत पाव भाग डोक्याचाच असतो आणि मान धरायला तीन-चार महिने लागतात. रागानं गदागदा हलवलं की मेंदू आतल्या आत हिसके खातो, त्यावरच्या नाजूक शिरा तुटतात, रक्त साकळतं. डोळ्यांच्या पडद्यातही उतरतं. बाहेर मात्र कधी कधी ओरखडासुद्धा नसतो. काही सेकंद पुरतात. ब्रिटनचे न्यूरोसर्जन नॉर्मन गथकेल्च यांनी 1971 मध्ये हा संबंध मांडला. तेच उतारवयात सांगत होते, की असं रक्त दिसलं म्हणून लगेच आईबापांना गुन्हेगार ठरवू नका, दुसरी कारणंही तपासा. (पाळणा हलवण्यानं, मांडीवर झुलवण्यानं हे होत नाही. आज्यांनी निर्धास्त असावं.)

कॅनडातले बालरोगतज्ज्ञ रोनाल्ड बार यांनी बाळांच्या रडण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढतं, दुसऱ्या महिन्यात टिपेला जातं, मग ओसरतं. धडधाकट बाळही तासन्‌तास रडतं. ताप नाही, दूध पितंय, तर तुमचं काही चुकलेलं नाही.

वॉर्डात एक बाप आला होता. "कॉटवरून पडलं," म्हणाला. खरं पहाटे सांगितलं, तोवर रात्र गेली होती. बाळ मलूल झालं, दूध ओढेना, ओकू लागलं, झटके आले, टाळू फुगली किंवा श्वास अडखळला, तर जागं करायला हलवू नका. तोंडात पाणीही घालू नका. 108 ला फोन करा आणि घडलं ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. उपचार त्यावर ठरतात.

आता थोरलीचाच मुलगा सहा आठवड्यांचा आहे. जावयाला सांगून ठेवलंय, "डोकं फिरलं की त्याला पाळण्यात ठेवा, खोलीबाहेर या आणि मला फोन करा. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी."

परवा पावणेतीनला आला.